मास्तरांनी निवडलेला कॅमेरा

माझी नणंद फोटोग्राफर आहे म्हटलं की लोक लगेच विचारतात, "स्टुडिओ कुठे आहे त्यांचा?" स्टुडिओ नाही. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली आहे. तिला मोठी खिडकी आहे, खिडकीवर पातळ पांढरं कापड आहे आणि समोर एक पाठ नसलेलं स्टूल. त्या स्टुलावर बसून फोटो काढून घेतलेला माणूस स्वतःचाच फोटो बघून जरा गप्प होतो, हे मी अनेकदा पाहिलंय. पण हे सगळं पुढचं. त्याआधी कितीतरी वर्षं ताईंनी स्वतःच्या नावानं एकही फोटो काढला नव्हता. दुसऱ्याचे साफ केले होते.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ताई मास्तरांकडे कामाला जात होत्या. मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात नावाजलेले फोटोग्राफर. संध्याकाळी ते फोटोग्राफीचे वर्ग घेत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ताई त्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून गेल्या आणि वर्ग संपला तरी तिथेच राहिल्या. मास्तरांनी त्यांची नजर हेरली होती. स्टुडिओच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे कॉम्प्युटरच्या पडद्याभोवती काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा लावलेला असे, म्हणजे बाजूचा उजेड पडू नये. त्या आडोशात डोकं घालून ताई दिवसभर मास्तरांनी काढलेले फोटो सुधारत. कुणाच्या डोळ्याखालचं काळं, कुणाच्या कोटावरचा धागा, मागच्या भिंतीवरचा स्विच. मास्तरांचे फोटो 'स्वच्छ' असतात अशी त्यांची ख्याती होती. ती स्वच्छता त्या मागच्या खोलीतली होती.

घरी आल्यावरही ती नजर मिटत नसे. मी नवी होते, जेवायला वाढत होते, आणि ताई माझ्याकडे एकटक बघत म्हणाल्या, "तुझी डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे, माहितीये?" आमचे हे म्हणाले, "ताई, ती पुसू नकोस, एकच बायको आहे." तेव्हापासून मी त्यांना घाबरायची थांबले.

मास्तर माणूस म्हणून वाईट होते असं मी म्हणणार नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगायला अवघड आहे. माझे सासरे शेवटच्या आजारात दवाखान्यात होते तेव्हा नातेवाईक फोनवर चौकशी करत होते आणि मास्तर बाहेरच्या बाकावर ह्यांच्या शेजारी बसून होते. रक्त मिळवायचं, औषधं आणायची, सगळं त्यांनी केलं. सासरे गेल्यावर ताईंच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी आहे." ताईंनी ते दोन शब्द पुढे कितीतरी वर्षं जपले. मास्तर म्हणाले की पूर्व, तर पूर्व.

ताईंकडे स्वतःचा एक जुना, छोटा कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी तो घेऊन त्या नाटकाच्या तालमीला जाऊन बसायच्या. एका नाटकमंडळीची दिग्दर्शिका त्यांच्या ओळखीची होती. तालमीच्या हॉलमध्ये उजेड जेमतेम, माणसं सतत हलणारी, फ्लॅश मारायला बंदी. अशा ठिकाणी त्या छोट्या कॅमेऱ्यातून दहांतले नऊ फोटो हललेले यायचे. पण दहावा असा यायचा की दिग्दर्शिकेनं एकदा तो हातात धरून विचारलं, "हा क्षण तालमीत आला होता? मी तर समोर होते, मला दिसला नाही."

तिनंच पुढे प्रस्ताव मांडला. मंडळीची येणारी सगळी नाटकं, तालमीपासून प्रयोगापर्यंत, ताईंनी टिपायची. पोस्टर, माहितीपत्रक, सगळ्यावर ताईंचं नाव. "फक्त कॅमेरा जरा बरा घ्या," ती म्हणाली.

ताईंनी मास्तरांना सांगितलं तो दिवस मला आठवतो, कारण त्या सकाळी त्यांनी दोनदा साडी बदलली. परत आल्या तेव्हा चेहरा फुललेला. म्हणाल्या, "मला वाटलं रागावतील. पण चष्मा पुसला, आणि म्हणाले, जा, मी तुला अडवणार नाही. उलट विचारलं, कॅमेरा कुठला घेणार?"

हाच तर प्रश्न होता. नवा चांगला कॅमेरा ताईंच्या आवाक्याबाहेर होता, तेव्हा वापरलेलाच घ्यायचा हे ठरलेलं. जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं, जिन्याखालच्या जागेत, काचेच्या कपाटांत नुसत्या बॉड्या ओळीनं मांडलेल्या, लेन्सशिवाय, डोळे काढून ठेवल्यासारख्या. दुकानदार बोलका. मी ताईंबरोबर गेले होते. त्यानं एक कॅमेरा काढून ताईंच्या हातात दिला आणि आम्हाला समजावलं, "हा सेमी-प्रोफेशनल. म्हणजे हौशी माणसाच्या वर, पण पेपरवाले-खेळवाले वापरतात त्याच्या खाली. बॉडी हलकी, पाण्यापावसाचा फार भरवसा नाही, कार्ड एकच बसतं. पण सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती, अलीकडची आहे. अंधारात स्वच्छ काम करतो. आणि हे ऐका." त्यानं बटण दाबलं. मला काही ऐकू आलं नाही. "तेच तर," तो म्हणाला. "ऐकू येत नाही."

ताईंनी तो कॅमेरा डोळ्याला लावला आणि दुकानाच्या कोपऱ्यातल्या अंधाराचे, माझ्या कानातल्याचे, काउंटरवर झोपलेल्या मांजराचे फोटो काढले. मांजर हललंही नाही. कॅमेरा त्यांच्या हातात असा बसला की जणू मापानं शिवलाय. वर्षानुवर्षं माउस धरून त्यांचं उजवं मनगट दुखायचं, जड काही उचललं की सुजायचं. हा त्यांनी एका हातानं अर्धा तास धरला होता. त्या म्हणाल्या, "मला हाच हवाय वाटतं." मग जरा थांबून, "मास्तरांना एकदा विचारते."

मास्तर दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आले. हातात एक काळी पिशवी. पिशवीतून त्यांनी जे काढलं त्याला मी कॅमेरा म्हणण्याआधी वजनकाटा आणला असता. खालीही पकड, बाजूलाही पकड, सगळी धातूची बॉडी, दोन कार्डं बसायची सोय. टेबलावर ठेवला तेव्हा टेबलावरचा चमचा वाजला.

"हा खरा प्रोफेशनल," मास्तर म्हणाले. "माझ्या ओळखीचे एक आहेत, गुडघे गेले म्हणून धंदा बंद करतायत. फार कमी वापरलाय. बघ, रबरसुद्धा नव्यासारखं आहे. दुकानातल्या त्या खेळण्याची जेवढी किंमत, तेवढ्यातच देतायत, तेही माझ्या शब्दाखातर."

ताई म्हणाल्या, "पण मास्तर, हा बराच जुना आहे ना? अंधारात तो दुसरा चांगला येत होता. आणि माझं मनगट..."

"मनगटाला सवय होते. अगं, तू आता मागच्या खोलीतली नाहीस. चार माणसांत उभी राहणार. लोक आधी हातातला कॅमेरा बघतात, मग फोटो. तो प्लास्टिकचा घेऊन गेलीस तर तुला कुणाची तरी मावशी समजतील. आणि हा बंद पडत नाही. धूळ आत जात नाही, पाणी जात नाही. ऐन प्रयोगात दगा देणार नाही."

आमचे हे मध्ये बोलले, "पण मास्तर, नाटकाच्या हॉलमध्ये पाणी कुठून येणार?"

मास्तर हसले. ताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डोळे झाकून घे."

दुसऱ्यांच्या फोटोंतला केसभर डाग हेरणाऱ्या बाईनं डोळे झाकले. तो घेतला. दुकानदाराला फोन करून कळवलं की मला आता तो नको. मी दार लावून आत आले तर ताई आरशासमोर उभ्या होत्या, तो धोंडा डोळ्याला लावून, आणि स्वतःला बघत होत्या. "दिसते ना गं फोटोग्राफर?" मी म्हटलं, "दिसता." खरंच दिसत होत्या.

सुरुवातीच्या तालमी बऱ्या गेल्या. दर फोटोला 'खटाक' असा आवाज व्हायचा, जसा कुणी डबा बंद करतंय. नाटकात एक शांत प्रसंग होता, म्हातारा बाप मुलीची चप्पल हातात घेऊन बसलेला. तो नट एकदा तालीम थांबवून म्हणाला, "ताई, मी रडायला लागलो की तुमचा दरवाजा लागतो." सगळे हसले, ताईही हसल्या. त्या दिवसापासून त्या प्रसंगात त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवून द्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्यासाठी त्या तिथे होत्या, नेमकं तेच त्या टिपत नव्हत्या. मनगटाला आधाराचा पट्टा आला. पण ताई कुरकुरल्या नाहीत. मास्तर म्हणाले होते ना, सवय होते.

मग रंगीत तालीम आली. पूर्ण वेशभूषा, पूर्ण प्रकाशयोजना, आणि त्याच दिवशीच्या फोटोंतून पोस्टर आणि माहितीपत्रक छापायला जाणार होतं. मीही गेले होते, मागच्या रांगेत बसले होते. पहिला अंक झाला. ताई खाली वाकून, गुडघ्यावर बसून, विंगेजवळ जाऊन काम करत होत्या. दुसऱ्या अंकाला पडदा वर गेला आणि थोड्या वेळानं तो 'खटाक' थांबला. मला वाटलं, तो बापाचा प्रसंग आला असेल. पण तो अजून यायचा होता. बघितलं तर ताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, कॅमेरा मांडीवर उलटा, बॅटरी काढतायत, घालतायत, परत काढतायत. आतला आरसा वर जाऊन तिथेच अडकला होता. डोळा लावला की नुसतं काळं. रंगमंचावर दिवे लागत होते, विझत होते, मुलगी घर सोडून जात होती, बाप चप्पल हातात घेऊन बसला होता, आणि ताईंच्या मांडीवर तो चांगला दोन-अडीच किलोचा ठोकळा निपचित पडला होता. त्या रडल्या नाहीत. शेवटपर्यंत समोर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शिकेचा फोन आला. बाई चांगली होती, पण तिचाही इलाज नव्हता. "छपाई थांबत नाही हो. मास्तरांना विचारलंय, ते आज येऊन काढून देतायत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ताई म्हणाल्या, "बरं झालं, मास्तर आहेत." हे त्यांनी मनापासून म्हटलं.

फोन ठेवून त्या वर गेल्या. पहिल्या अंकाचे फोटो तरी दिग्दर्शिकेला द्यावेत म्हणून कॉम्प्युटरवर लावून बसल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या पडद्यासमोर होत्या, पण हात माउसवरून उचललेला, हवेतच.

"काय झालं?"

"इकडे बघ," त्या म्हणाल्या. "या कोपऱ्यात."

मला काळोख दिसला. मागचा पडदा, त्याची चुणी. मी म्हटलं, "काही नाही."

"आता नाही. मी पुसला." त्यांनी पुढचा फोटो लावला, खालचा डावा कोपरा मोठा करत करत एवढा मोठा केला की नुसते चौकोन दिसायला लागले. काळ्यात एक तांबडा ठिपका. सुईच्या टोकाएवढा. "दिवसाच्या फोटोत दिसत नाही, तालमीच्या हॉलमध्येही दिसला नाही. असा गडद काळोख असला तरच येतो. सेन्सरवरचा एक कण बिघडलेला असतो, तो जन्मभर त्याच जागी राहतो. प्रत्येक कॅमेऱ्याचे ठिपके वेगळे, वेगळ्या जागी."

"मग?"

"मग हा मी ओळखते. मी फोटो उघडला आणि माझा हात आपोआप या कोपऱ्यात गेला आणि पुसून मोकळा झाला. बघितलंही नव्हतं मी. हाताला माहीत होतं."

त्यांनी जुनी डिस्क काढली. मास्तरांनी काढलेले नाटकांचे फोटो, ताईंनी सुधारण्याआधीचे. पहिला लावला. खालचा डावा कोपरा. तिथेच, त्याच चौकोनात, तांबडा ठिपका. दुसरा लावला. तिथेच. तिसरा मी बघितला नाही. मी ताईंकडे बघत होते.

मास्तरांचा तो जुना कॅमेरा मलाही ऐकून माहीत होता. एका तळ्यावर कुणाचे तरी फोटो काढताना मास्तर होडीतून उतरत होते आणि कॅमेरा गळ्यातून निसटून पाण्यात गेला होता. ताई तेव्हा घरी येऊन हळहळल्या होत्या. मास्तर म्हणाले होते, मेला तो, कपाटात ठेवलाय आठवण म्हणून. गुडघे गेलेला कुणी माणूस नव्हताच. असले कॅमेरे बाहेरून सगळे सारखेच दिसतात, त्यात नवं रबर चिकटवलं होतं, पुसून-पासून चकाचक केला होता, आणि पाण्यात बुडालेला कॅमेरा पाणी आत जात नाही असं सांगून ताईंना दिला होता.

मला वाटलं त्या आरडाओरडा करतील. त्या म्हणाल्या, "आधी खात्री करू." अजूनही त्यांना वाटत होतं, आपलंच काही चुकत असेल.

दुरुस्तीवाल्यानं आमच्या देखत खालची पट्टी उघडली. आत स्क्रूंना गंज, जोडांवर हिरवट बुरशीसारखं काही साचलेलं. त्यानं एकदा बघितलं आणि मान हलवली. "बुडालेला आहे. वाळवून चालू केलाय कुणीतरी. तापला की बंद पडणार, थंड झाला की चालणार. कुणी दिला तुम्हाला?" ताईंनी एक गंजलेला स्क्रू उचलून उजेडात धरला. तो बिचारा समजूत घालायला म्हणाला, "बाहेरून मात्र झकास आहे. एखाद्या नवख्याला सहज खपून जाईल."

ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो खाली मान घालून स्क्रू बसवायला लागला. "सुटे भाग काढून घ्या याचे," त्या म्हणाल्या. "अख्खा कुणाला देऊ नका."

तिथून आम्ही जिन्याखालच्या दुकानात गेलो. ताईंच्या मनात होतं, तो दुसरा अजून असेल तर काही जमतंय का बघावं. दुकानदारानं ताईंना ओळखलं आणि चकित झाला. "अहो, तो तर तुमच्याचकडे आहे ना? तुम्ही नको म्हणालात त्याच दिवशी मास्तर येऊन घेऊन गेले. म्हणाले, आमच्या मुलीसाठीच घेतोय."

मास्तरांना मुलगी नव्हती.

ताई रस्त्यानं चालत होत्या आणि मी त्यांच्या मागे जवळजवळ धावत होते. स्टुडिओत गेलो तेव्हा मास्तर टेबलाशी बसून चष्मा पुसत होते. आम्हाला बघून म्हणाले, "ये गं. मी आता तिकडेच निघणार होतो. काल फार वाईट झालं ना."

ताई उभ्याच राहिल्या. "मास्तर, तो तुमचा कॅमेरा आहे. तळ्यातला."

मी अपेक्षा केली होती ती नाही म्हणण्याची, चिडण्याची, कुणी सांगितलं विचारण्याची. मास्तरांनी यातलं काहीच केलं नाही. ताईंना ते चांगले ओळखत होते. त्या नुसत्या ऐकीव गोष्टीवर येणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उठले, भिंतीतलं कपाट उघडलं आणि एक डबा काढून टेबलावर ठेवला. डब्यात तो कॅमेरा होता. हलका, आवाज न करणारा. त्याला नवा पट्टासुद्धा लावलेला होता.

"हा तुझ्यासाठी घेऊन ठेवलाय," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं तुला हाच हवा होता. तुझी निवड बरोबरच होती. उद्यापासून ये. नाटकाचं कामही आपलंच आहे आता, तूच काढ फोटो. मी मध्ये पडणार नाही."

"नाव कुणाचं?" ताईंनी विचारलं.

"स्टुडिओचं. आपल्या स्टुडिओचं."

"मास्तर, तुम्ही मला बुडालेला कॅमेरा दिलात."

"अगं, तुला काय वाटलं, मला ते करताना बरं वाटलं? पण तू निघाली होतीस. मला वाटलं, दोन-चार महिने धडपडशील, दमशील, परत येशील. बाहेर जाऊन कायमची हरण्यापेक्षा ते बरं. कोण सांभाळणार होतं तुला? मी तुझ्या बापाला शब्द दिलाय."

एवढं बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांची जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कुणाची आली नसेल. चोर असता तर सोपं गेलं असतं.

ताईंनी डब्यातला कॅमेरा उचलला. मला वाटलं, घेतात की काय. त्यांनी तो डोळ्याला लावला, मास्तरांकडे रोखला, थोडा वेळ तसाच धरला. बटण दाबलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. मग अलगद परत ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

"सांभाळायला शब्द दिला होतात," त्या म्हणाल्या. "पाडायला नाही."

मास्तर म्हणाले, "दाराशी जाऊन परत फिरशील तू."

ताई फिरल्या नाहीत. पायऱ्या उतरताना एकदा कठड्याला धरून थांबल्या, एवढंच.

त्या नाटकाच्या माहितीपत्रकावर मास्तरांच्या स्टुडिओचं नाव आलं. पहिल्या अंकाचे ताईंचे फोटो दिग्दर्शिकेनं आभार मानून परत दिले. फोटोंचा बाज जुळत नव्हता म्हणे. नंतरच्या नाटकांसाठी फोन आला नाही. ताईंनीही केला नाही. बरेच दिवस त्या खिडकीशी नुसत्या बसून असत. आमचे हे मास्तरांना जाब विचारायला निघाले होते, ताईंनीच अडवलं. "तू जाशील, ते परत रडतील, आणि तू पाणी पाजून येशील."

पुढे त्यांनी शिकवण्या घेऊन, कुणाकुणाचे जुने फाटलेले फोटो नीट करून देऊन, दुसरा कॅमेरा घेतला. वापरलेलाच, सेमी-प्रोफेशनलच, त्या जिन्याखालच्या दुकानातल्यापेक्षाही जुना. तो घेताना त्यांनी चार दुकानदारांना जेरीस आणलं. लेन्सचं झाकण लावून काळोखाचे फोटो काढायच्या, ते मोठे करून ठिपके मोजत बसायच्या, तासभर कॅमेरा चालू ठेवून तापवायच्या. एक दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, यांना फोटो काढायचेत की पंचनामा करायचाय?"

मग ती खोली तयार झाली, पांढरं कापड, स्टूल. हळूहळू माणसं यायला लागली. निवृत्त होणारी परिचारिका, दुकानाच्या पाटीसाठी फोटो हवा असलेला चांभार, लग्नाला चाळीस वर्षं झालेली आणि एकमेकांशी न बोलणारी एक जोडी. ताईंचं काम आज चांगलं चाललंय.

पण माणूस बदलला. आधी त्या माझ्या पर्समधून सुटे पैसे काढून घ्यायच्या आणि संध्याकाळी सांगायच्या. आता मी 'दूध आलंय' म्हटलं तरी स्वयंपाकघरात येऊन बघतात. एकदा मी त्यांना म्हटलं, तुमचा तो म्हाताऱ्या जोडीचा फोटो मला फार आवडला. त्यांनी कॅमेरा पुसता पुसता मान वर केली आणि विचारलं, "खरं सांगतेस ना?" गंमतीत नाही. खरंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, भुवईकडे नाही, डोळ्यांत. मला खूप लागलं ते.

गेल्या वर्षी फोटोग्राफरांच्या संघटनेनं मास्तरांचा सत्कार केला. ताईंनाही बोलावणं होतं, त्या जातील असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या, मला घेऊन. मास्तर थकले होते, काठी आली होती. भाषणात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची नावं घेतली. शेवटी समोर ताईंकडे बघून म्हणाले, "ही बसलीय ना, ही सगळ्यात हुशार. हिला मी घडवली. पण पाखरांना पंख फुटले की घरटं आठवत नाही." लोक हसले, काहींनी वळून बघितलं. शेजारची बाई माझ्या कानाशी लागली, "एवढी वर्षं सांभाळलं हो त्यांनी, आणि या अशा तडकाफडकी सोडून गेल्या म्हणतात." तिला कुणी सांगितलं असेल ते विचारायची गरज नव्हती. सगळ्यांना हेच माहीत होतं.

ताईंनी टाळ्या वाजवल्या. नंतर मास्तर काठी टेकत जवळ आले, म्हणाले, "काय गं, बरी आहेस?" ताई म्हणाल्या, "बरी आहे." ते दुसऱ्यांशी बोलायला वळले. त्यांच्या लेखी ते सगळं केव्हाच मिटलं होतं.

बाहेर पडल्यावर माझा संयम सुटला. "ताई, का गप्प बसलात? सगळे तुम्हाला कृतघ्न समजतायत. एकदा तरी सांगा ना कुणाला."

त्या फुटपाथच्या कडेला थांबल्या. "काय सांगू? एवढा डोळा असलेली बाई आणि वापरलेला कॅमेरा पारखून घेता आला नाही? पहिलं तेच म्हणतील. आणि त्यांनी मला फसवलं, हे सांगता येईल गं. लोकांना ते कळतं. पण मी चांगली होते म्हणून फसवलं, मी कच्ची असते तर हसून निरोप दिला असता, हे कसं सांगायचं? ते मलाच अजून नीट सांगता येत नाही."

गाड्या जात होत्या. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. त्यांच्या खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी होती, त्या सारखा खांदा बदलत होत्या. मी म्हटलं, "द्या, मी धरते थोडा वेळ."

"नको," त्या म्हणाल्या. मग त्यांना वाटलं असावं की जरा कडक बोललं गेलं, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "राहू दे, जड नाहीये." आणि पट्टा मुठीत घट्ट धरून बस येते का ते बघायला लागल्या.